तिसरी टाकी

कपाशी जळायला बारा दिवस लागले. पहिले चार दिवस तिने काही कळू दिलं नाही. पाचव्या दिवशी शेंडे पिवळे पडले. पाणी जास्त झालं असेल, अशी गुलाबरावांनी मनाची समजूत घातली. आठव्या दिवशी पानं काठाकडून वाळत आली. बाराव्या दिवशी त्यांचं अडीच एकर वावर उन्हाळ्यातल्या पऱ्हाट्यांसारखं तपकिरी होऊन उभं होतं. पऱ्हाट्या निदान कापूस देऊन वाळतात. ही झाडं अजून गुडघ्यालाही लागली नव्हती.

तेराव्या दिवशी सकाळी धम्मशीलाला गीताबाईंचा फोन आला. गीताबाई गावातल्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष. गटाचा फवारणीचा ड्रोन धम्मशीलाच्या घरी असे, कारण तो उडवायचं प्रमाणपत्र गावात तिच्या एकटीकडे होतं.

"शीला, डोन कुठी आहे?" त्या यंत्राचं नाव गीताबाईंच्या जिभेवर दोन वर्षांत बसलं नव्हतं.

"घरीच आहे बाई. आज सोनाळ्याले जाऊन राह्यलो आमी. दोन एकर तूर आहे."

"जाऊ नको. तुह्यावर तक्रार झाली. डोननं वावर जाळलं म्हन्ते गुलाबराव."

"मामाजी?"

"सही त्याहीचीच आहे. परवा तालुक्याचे साहेब येतात पंचनाम्याले. संगं शास्त्रज्ञ. तवरोक यंत्र जागचं हलवू नका म्हन्ले."

धम्मशीलाच्या हातात चार्जिंगवरून नुकतीच काढलेली बॅटरी होती. ती तिने सावकाश खाली ठेवली.

गुलाबराव तिच्या नवऱ्याचे लांबचे चुलते, म्हणून तिचे मामाजी. त्यांचं वावर आणि तिच्या सासूचं वीस गुंठ्यांचं वावर यांच्यामध्ये एक धुरा, म्हणजे बांध. जेवणाच्या वेळी धुऱ्यावरून भाकरीची देवघेव व्हायची, इतकी जवळीक.

ड्रोन गेला तर काय जाईल, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. वयाच्या बाराव्या वर्षापासून ती लोकांच्या वावरात निंदायला जात होती. वाकलेली कंबर, हातात खुरपं आणि धुऱ्यावरून हाक, "ए शीले, ते गवत कोन तुहा बाप काढीन?" दहावीपर्यंतचं शिक्षण तिने त्या खुरप्याच्या अधूनमधून केलं. गटाला ड्रोन मिळाला तेव्हा तिला पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं गेलं. परीक्षेत ती पास झाली, पण तिला अभिमान होता तो वेगळ्याच गोष्टीचा. फवारणीनंतर टाकी तीनदा धुवायची असते. ते कसं धुवावं हे दाखवायला मास्तरांनी तीस जणांमधून तिला पुढे उभं केलं होतं. त्यानंतरच्या दोन हंगामांत ती संग्रामपूर तालुक्यातल्या अठरा गावांत जाऊन आली. शीले म्हणणारे मॅडम म्हणू लागले. नवरा संघपाल मलकापुरात जिनिंगवर कामाला, पंधरा दिवसांनी घरी आला की तोही दारातून "मॅडम आहेत का?" असं विचारून हसायचा.

प्रमाणपत्र रद्द झालं की ड्रोन दुसऱ्या गावच्या गटाला जाणार, असा नियम होता. आणि ती खुरप्याकडे.

ती तशीच गुलाबरावांच्या घरी गेली. त्यांची बायको सरस्वतीबाई दारातच आडवी उभी राहिली.

"नाईत ते घरी."

आतून गुलाबरावांच्या खोकल्याचा आवाज आला. दोघींनीही तो ऐकला.

"आत्याबाई, मले दोन शब्द बोलू द्या. मामाजीले माहीत आहे काय मारलं ते. त्याहीनंच औषधाची डबकी आनून देली होती."

"मले काय समजते त्यातलं माय," सरस्वतीबाई म्हणाली आणि रडायलाच लागली. रडणाऱ्या बाईला बाजूला सारून आत कसं जाणार? धम्मशीला मागे फिरली.

फवारणीच्या दिवशी काय घडलं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ते ज्या शब्दांत ठाऊक होतं ते शब्द साहेबांपुढे चालणारे नव्हते.

तणनाशक फवारलं तरी जी मरत नाही अशी कपाशी चार-पाच वर्षांपासून या भागात येत होती. तिला सरकारची परवानगी नाही. तिचं बियाणं विकणं गुन्हा, बाळगणं गुन्हा, पेरणं गुन्हा. बाहेर तिला चोर बीटी म्हणत. गावात तिचं नाव पाहुणा. पाहुणा आला का, पाहुणा किती दिवसांचा झाला, पाहुण्याला निंबोळी पाजली का, अशी चौकशी पोलीस पाटलांच्या देखत पारावर चाले. निंबोळी म्हणजे तणनाशक. लोकांना कायदा मोडायची हौस होती असं नाही. पावसाळ्यात तीन वेळा निंदण लागतं, सगळ्यांच्या वावरात ते एकाच आठवड्यात लागतं, आणि निंदायला बाया उरल्या नव्हत्या. पाहुण्यावर एकदा फवारलं की गवत मरे आणि कपाशी जशीच्या तशी.

पाहुणा आणणारा माणूस एकच, तुळशीराम. नाव नाही, गाव नाही, शिक्का नाही अशी साधी पारदर्शक थैली तो घरपोच देई. यंदा त्याच्याकडून गुलाबरावांनी घेतला आणि धम्मशीलाची सासू पंचफुलाबाईनेही घेतला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात धम्मशीलाने गुलाबरावांच्या वावरात फवारणी केली. ड्रोनची टाकी दहा लिटरची, एका टाकीत एक एकर. पहिली टाकी, दुसरी टाकी, आणि तिसऱ्या टाकीतलं अर्धं. अर्ध्यात बॅटरी बदलायला ड्रोन धुऱ्यावर उतरला, तेव्हा पंचफुलाबाई म्हणाली, "उरलेलं सांडतं कायले व पोरी? आपल्याच वावरात सोड." धम्मशीलाने पुढचे पाच लिटर धुऱ्यापलीकडे आपल्या वीस गुंठ्यांवर सोडले. मग नियमाप्रमाणे टाकी तीनदा धुतली. मग रजिस्टर काढलं. औषधाचे नाव या रकान्यात तिने निंबोळी अर्क लिहिलं. अठरा गावांत ती तेच लिहीत आली होती आणि कुणी कधी विचारलं नव्हतं.

गुलाबरावांची कपाशी मेली. पंचफुलाबाईची धुऱ्यापलीकडे हिरवीगार डोलत होती. टाकी एकच, औषध एकच. म्हणजे एका थैलीत पाहुणा होता आणि दुसरीत नव्हता.

परत येताना तुळशीराम तिला पारावर भेटला. तो जणू वाटच पाहत होता.

"वहिनी, रागावू नका. मीच देल्ला त्याले सल्ला."

"मले फासावर द्यायचा?"

"ऐका तं खरी. त्यानं बियाण्याची तक्रार केली तं पहिले तोच आत जाते. बियानं कुठलं, बिल दाखव म्हन्तीन. बिल कुठचं? तुमचं मशीन हाय सरकारी. त्याले इमा असते. तुमाले फार तं समज देतीन, अन् त्याले काही तरी भेटते."

"अन् तुमाले काही नाई होत."

"मले काय व्हायचं?" तुळशीराम म्हणाला. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. खरोखरच त्याला काही होणार नव्हतं. "मी तं पंच आहो. परवा या दहा वाजता."

दुपारी राबिया आली. राबिया ड्रोनची मदतनीस. टाकी भरणं आणि बॅटऱ्या बदलणं तिच्याकडे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"चोराच्या घरी चोरी झाली, अन् पकडला कोन? चौकीदार!"

"हसू नको राबी."

"हसून नाई राह्यली व मी. पाह्य, निंबोळीनं कपाशी जळत नाई, हे शेंबडं पोरगंबी सांगते. म्हंजे रजिस्टर दाखवलं तं तू खोटी. नाई दाखवलं तं लपवते म्हन्तीन. मंग खरंच सांगून टाक ना. पाहुणा होता म्हन. त्या शास्त्रज्ञापाशी पट्टी असते. पान ठेचलं, पट्टी बुडवली, की समजते पाहुणा आहे का नाई."

"अन् मामाजीचं काय होईन?"

"तुह्यावर तक्रार करताना त्याहीनं इचार केला का तुहा?"

मग राबियाच म्हणाली, "पन ते पट्टी धुरा ओलांडून इकडं आली तं?"

दोघींनी खिडकीतून बाहेर पाहिलं. वावर तिथून दिसत नव्हतं, तरी पाहिलं.

दोन दिवसांत धम्मशीलाने मनाशी ठरवलं. गुलाबरावांना वाचवायची जबाबदारी तिची नव्हती. त्यांनी तक्रार केली, आता त्यांच्या वावरातलं पानच त्यांना उत्तर देईल. पट्टी धुऱ्यापलीकडे यायचं कारण नव्हतं. तक्रार जळलेल्या वावराची होती; हिरव्या वावरावर कुणाची तक्रार नसते.

पंचनाम्याला तालुक्याचे साहेब आले, त्यांच्याबरोबर डॉ. नौमान नावाचे पन्नाशीचे शास्त्रज्ञ. साहेबांनी खुर्ची मागितली. डॉ. नौमान बूट काढून वावरात शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. धुऱ्यावर गुलाबराव, सरस्वतीबाई, गीताबाई, राबिया, पंच म्हणून तुळशीराम आणि इतर पाच-सहा जण. पलीकडे आपल्या वावरात पंचफुलाबाई हातात विळा धरून उभी. काही कापायचं नव्हतं, तरी विळा होता.

साहेबांनी आधी रजिस्टर पाहिलं.

"निंबोळी अर्क. बाई, निंबोळी अर्काने एवढी कपाशी जळलेली मी नोकरीत पहिल्यांदा पाहतोय. टाकीत काय होतं?"

धम्मशीलाने गुलाबरावांकडे पाहिलं. ते आपल्या चपलेकडे बघत होते.

"तणनाशक होतं साहेब," ती म्हणाली. "मामाजीनंच आनलं होतं."

"कपाशीवर तणनाशक? प्रमाणपत्र आहे ना तुमच्याकडे? कपाशी मरते एवढं शिकवलं नाही तिथे?"

"शिकवलं. पन हे कपाशी मरनारी नव्हती."

सरस्वतीबाईने तोंडाला पदर लावला. साहेब खुर्चीतून उठले.

"म्हणजे परवानगी नसलेली? काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला? तसं निघालं तर उभं पीक उपटून नष्ट करावं लागतं. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याच्यावर गुन्हा."

"पान तपासा साहेब."

डॉ. नौमान आधीच एक रोप घेऊन आले होते. वावराच्या कोपऱ्यात कडुलिंब होता, तिथे ड्रोन वळसा घालून गेला होता आणि झाडाखाली पाच-सात रोपं हिरवी राहिली होती. त्यांनी एक पान लहान नळीत ठेचलं, त्यावर थेंब टाकले आणि कागदाची अरुंद पट्टी आत उभी केली.

"दहा मिनिटं," ते म्हणाले. "दोन रेघा आल्या तर ती जात. एकच आली तर नाही."

ती दहा मिनिटं गुलाबरावांच्या वावरावर माणसं उन्हात उभी होती. साहेबांनी मोबाइल काढला आणि पुन्हा खिशात ठेवला. धम्मशीलाला एकाच गोष्टीची भीती वाटत होती: दोन रेघा आल्यावर मामाजींच्या डोळ्यांत कसं पाहायचं. एकच रेघ येईल हा विचार तिला शिवलाही नव्हता. वास्तविक तो तिलाच आधी सुचायला हवा होता. कपाशी मेली होती ती त्याचमुळे. पण दोन दिवस ती "पाहुणा होता" असंच घोकत होती, आणि जो मेला तो पाहुणा नव्हताच, हे त्या घोकण्यात हरवून गेलं होतं.

डॉ. नौमाननी पट्टी वर उचलली.

"एक रेघ. ही साधी बीटी आहे. कायदेशीर."

गुलाबरावांनी इतका मोठा श्वास सोडला की सगळ्यांना ऐकू आला. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्या एका रेघेने त्यांना निर्दोष ठरवलं होतं आणि त्याच रेघेने सांगितलं होतं की तुम्ही फसवले गेलात. त्यांनी तुळशीरामकडे पाहिलं. तुळशीराम पंचनाम्याच्या कागदावर सही कुठे करायची ते शोधत होता.

"बाई," साहेब म्हणाले, "साध्या कपाशीवर तणनाशक मारलं, रजिस्टरमध्ये खोटं लिहिलं, आणि आता त्या गरीब माणसावरच आळ?"

"साहेब, मॅडम खोटं नाई बोलत," राबिया मध्येच म्हणाली. "थैली मीबी पाह्यली—"

"राबी, चूप बस," धम्मशीला म्हणाली.

डॉ. नौमाननी धम्मशीलाकडून ड्रोनचा रिमोट मागून घेतला. त्याच्या पडद्यावर प्रत्येक उड्डाणाचा नकाशा असतो. कुठे किती लिटर पडलं तेही असतं, आणि ती नोंद पुसता येत नाही. त्यांनी बोटाने एक एक उड्डाण सरकवलं.

"पहिली टाकी, दहा लिटर, एक एकर. बरोबर. दुसरी तशीच. तिसरीही दहा भरली. पण इथे अर्ध्याच एकरावर पडली, पाच लिटर. उरलेले पाच कुठे गेले?"

धम्मशीलाला उत्तर द्यावं लागलं नाही. बोट पुढे सरकलं आणि नकाशाच्या हिरव्या पट्ट्या धुरा ओलांडून पलीकडे गेल्या. डॉ. नौमाननी मान वर करून तिकडे पाहिलं. कपाशी हिरवी, ओळी मोकळ्या, आणि ओळींमधलं गवत मुळापासून वाळलेलं.

"ते कुणाचं?"

"आमचं," धम्मशीला म्हणाली. "सासूबाईच्या नावानं आहे."

साहेबांच्या काही लक्षात आलं नव्हतं. डॉ. नौमानच्या आलं होतं. ते तिच्याकडे पाहत राहिले. खिशात आणखी पट्ट्या होत्या, आणि खिशावर त्यांचा हात होता.

तिच्या खरेपणाचा पुरावा जगात एकच होता आणि तो वीस गुंठे हिरवा उभा होता. तिथलं पान ठेचलं की दोन रेघा येणार. एकाच टाकीतलं औषध, इकडची मेली, तिकडची जगली. मग गुलाबरावांनी पाहुणा समजूनच फवारायला लावलं, हे लहान मुलालाही पटेल. आणि त्याच दुपारी पंचफुलाबाईची कपाशी उपटली जाईल, सातबाऱ्यावर नाव तिचं म्हणून गुन्हाही तिच्यावर. मग साहेब शेजारच्या वावरात जातील, मग त्याच्या शेजारच्या. एवढं करूनही ड्रोन राहणार नव्हता, कारण रजिस्टर खोटं होतं ते होतंच. कुठूनही मोजलं तरी ड्रोन जात होता. राखता येण्यासारखी वस्तू एकच होती आणि ती धुऱ्यापलीकडे होती.

पंचफुलाबाई विळा धरून तिच्याकडे बघत होती. तिने मान हलवली नाही, हात हलवला नाही. सुनेकडून काही मागायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं, आणि म्हणूनच ते जास्त जड होतं.

"साहेब, मी चुकली," धम्मशीला म्हणाली.

"काय?"

"डबकी चुकली. निंबोळी अर्काचं अन् तणनाशकाचं डबकं सारखंच असते. पांढरं. मामाजीच्या वावरात निंबोळी मारायची होती, मी दुसरं ओतलं. मघा घाबरून काहीबी बोलली. मामाजीनं काही आनून देलं नव्हतं."

"आणि पलीकडे?" साहेबांनी विचारलं.

"ड्रोन खाली उतरला तवा समजलं. टाकी खाली केली, धुतली, अन् निंबोळीची भरून आमच्या वावरात मारली."

डॉ. नौमाननी पडद्यावर पाहिलं. "ड्रोन खाली सहा मिनिटं होता. सहा मिनिटांत टाकी रिकामी केली, तीनदा धुतली आणि पुन्हा भरली?"

"हाव. माहा हात चालते."

त्यांनी रिमोट बंद करून तिच्या हातात दिला. खिशावरचा हात खाली आला. "चालत असेल," ते म्हणाले.

खोट्याला सगळे पुरावे जुळले. रजिस्टर जुळलं, पट्टी जुळली, नकाशा जुळला. खऱ्याला यातलं एकही जुळत नव्हतं. धुऱ्यावरची माणसं एकदम सैल झाली. कुणीतरी बिडी पेटवली, कुणीतरी साहेबांसाठी पाणी मागवलं. सरस्वतीबाई चहा ठेवायला घरी पळाली.

साहेब जबाब सांगू लागले आणि गीताबाई लिहू लागल्या. "माझ्या निष्काळजीपणामुळे, टाकी न धुता, चुकीचे औषध—"

"टाकी धुतली होती," धम्मशीला म्हणाली.

"बाई, आता त्याने काय फरक पडतो?"

"मले पडते. टाकी धुतली नाई असं लिहाल तं मी सही नाई करत."

साहेब वैतागले. "अहो, सगळं कबूल करून झालं आणि आता—"

"नका लिहू तेवढं," डॉ. नौमान म्हणाले. "डबा चुकला, एवढं पुरे आहे."

गीताबाईंनी ते तीन शब्द खोडले. धम्मशीलाने सही केली. पंच क्रमांक एक म्हणून तुळशीरामने केली. ड्रोन, चार बॅटऱ्या आणि प्रमाणपत्राची मूळ प्रत जीपमध्ये ठेवली गेली. ड्रोनचे पंख कसे दुमडायचे ते साहेबांच्या माणसाला जमेना, तेव्हा धम्मशीलानेच दुमडून दिले.

जीप गेल्यावर माणसं पांगली. तुळशीराम मात्र रेंगाळला.

"वहिनी, लय उपकार केले गावावर. पुढच्या सालची तुमची थैली माह्याकडून."

"कोनती? मामाजीले देली ती, का सासूबाईले देली ती?"

तुळशीरामने डोकं खाजवलं. "खरं सांगू का? मले कुठचं समजते वहिनी. वरून येतात तशा देतो. थैल्या सारख्याच असतात. एक फवारनी झाली का मंगच मालूम पडते." मग त्याला वाटलं की आपण काही चांगलं बोललो नाही, आणि तो घाईघाईने निघून गेला.

त्या आठवड्यात गावात एकाच गोष्टीची चर्चा होती, आणि ती दिवसागणिक सोपी होत गेली. पहिल्या दिवशी लोक म्हणाले, शीलाने स्वतःवर घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, शीलाचंही थोडं चुकलंच. आठव्या दिवशी पिठाच्या गिरणीत एक बाई दुसरीला सांगत होती की यंत्र ते यंत्र, पण डोळे उघडे ठेवून डबकं पाहायला नको का? धम्मशीला दळण घेऊन मागे उभी होती. बोलायचं तर काय? तिच्या सहीचा कागद तालुक्याला होता.

दहाव्या दिवशी ती सासूच्या वावरात निघाली होती. फवारून मेलेल्या गवताच्या जागी पावसाने नवं उगवलं होतं, आणि आता ते खुरप्यानेच निघणार होतं. गुलाबरावांनी जळकी कपाशी मोडून तूर पेरली होती. धुऱ्यावर कडुलिंबाखाली ते एकटेच बसले होते. पंचनाम्यानंतर पहिल्यांदाच दोघं समोरासमोर येत होती. ती मान खाली घालून पुढे जाणार, तोच त्यांनी हाक मारली.

"शीला, बस व जराशी."

ती बसली नाही, पण थांबली. आता ते रडतील, पाया पडू पाहतील, असं तिला वाटलं; तसं झालंच तर त्यांना अडवायचं हे तिने मनाशी धरलं.

"म्या इचार केला लय," गुलाबराव म्हणाले. "रात्रंदिस इचार केला. माह्या मनात आता काही नाई तुह्याबद्दल. मानूस आहे, चुकते. डबके सारखेच असतात."

धम्मशीलाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. ते लाजतही नव्हते. त्यांचे डोळे स्वच्छ होते, आणि ते तिला मनापासून माफ करत होते.